चादरींच्या खोलीतलं इंग्रजी

४ जून

मामा,

धावतपळत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. परवा मी एक मोठा उपद्व्याप अंगावर घेतलाय आणि तुझ्याशिवाय तो निस्तरणार नाही.

आमच्या हॉस्पिटलात नवे अधीक्षक आलेत. डॉक्टर म्हणून हुशार, माणूस म्हणून अजून कळायचेत. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं: सफाई करणाऱ्या सगळ्या बायकांना वॉर्डातले इंग्रजी शब्द वाचता आणि समजता आले पाहिजेत. दारांवरच्या पाट्या, खाटांजवळचे फळे, बाटल्यांवरची लेबलं, सगळं. आठ आठवड्यांनी साहेब स्वतः परीक्षा घेणार. पास होतील त्या कायम, बाकीच्या ठेकेदाराकडे. ठेकेदाराकडे म्हणजे आज बोलावलं तर काम आणि उद्या घरी बसा.

अकरा मावश्या माना खाली घालून उभ्या होत्या. मामा, नोकरीच्या पहिल्या दिवशी मी रक्त बघून चक्कर येऊन पडले होते, तेव्हा ह्यांच्यातल्याच दोघींनी मला उचललं होतं. माझं तोंड माझ्या आधी उघडलं. म्हटलं, “मी शिकवते ह्यांना.”

साहेब म्हणाले, “कामाच्या वेळेत चालणार नाही.”

“दुपारी दोन ते तीन, पाळी बदलताना,” मी म्हटलं. आता बोलून बसलेच होते!

चादरींच्या खोलीत वर्ग भरतो. धुतलेल्या गाठोड्यांवर बसायचं, कपाटाच्या दारावर खडूनं लिहायचं. पहिल्या दिवशी ‘विंडो’ हा शब्द वीस वेळा म्हणून घेतला. एकविसाव्या वेळी खिडकीकडे बोट केलं तर एक म्हणाली ‘डोअर’ आणि दुसरी म्हणाली ‘मंडे’. चाळणीत पाणी भरतेय मी!

तू पस्तीस वर्षं छापखान्यात औषधांची लेबलं तपासलीस. काहीतरी युक्ती सांग. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर तू ‘बरं’ सोडून काही लिहीत नाहीस, म्हणून हे पत्र. उत्तर लगेच पाहिजे.

तुझी घायकुतीला आलेली,
ठकी


९ जून

ठके,

तुझं पत्र वाचलं आणि चहा तसाच ठेवून उठलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा त्यावर साय धरली होती.

आधी एक कबुली. मामाला इंग्रजी येतं असं तुला वाटतं. माझ्या हाताखालून गेलेल्या खोक्यांवर एक अक्षर कधी चुकलं नाही, हे खरं. पण ते शब्द मला नुसते चेहऱ्यानं ठाऊक. रोज बसथांब्यावर दिसणाऱ्या माणसासारखे. मान हलवायची आणि आपल्या वाटेनं जायचं. त्याचं घर कुठलं, आईबाप कोण, मी कधी विचारलंच नाही! सदुसष्टाव्या वर्षी तू मला हे विचारायला लावलंस.

तर मी वाचनालयात गेलो. तिथे संदर्भ विभागात शब्दांच्या कुळाचा एक कोश आहे. उचलायला दोन माणसं लागावीत असा, त्यामुळे घरी न्यायची सोय नाही. तुझा विंडो शोधला. ठके, विंडो म्हणजे काय माहीत आहे? वाऱ्याचा डोळा! उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांची जुनी नॉर्स भाषा होती, तिच्यातून आलाय तो. विंड म्हणजे वारा, पुढचा तुकडा डोळ्याचा. आणि आपण काय म्हणतो? गवाक्ष. म्हणजे गाईचा डोळा! दोन टोकांची माणसं, एकमेकांचं तोंड न बघितलेली, आणि दोघांनाही भिंतीच्या भोकात डोळाच दिसला!

मी ओरडलो असणार. मला वाटलं मनातल्या मनात ओरडलो, पण अख्खं वाचनालय माझ्याकडे बघायला लागलं. ग्रंथपाल बाई उठून आल्या आणि समोर चिठ्ठी ठेवली: ‘हळू.’ मी कोशातल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

मग आम्ही दोघांनी मसल काढला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटा उंदीर. दंड वळवला की कातडीखाली उंदीर पळतो म्हणून. आपल्याकडे त्याच जागी बेडकुळी, म्हणजे छोटी बेडकी. त्यांचा उंदीर, आपली बेडकी, दंड एकच! आणि डोळ्यातला प्युपिल म्हणजे इवलीशी बाहुली. आपणही डोळ्यातली बाहुलीच म्हणतो ना?

तेव्हा युक्ती ही: शब्द पाठ करून घेऊ नकोस. त्यांची ओळख करून दे. ओळख झालेला माणूस कोण विसरतो?

आणखी कुठले शब्द हवेत ते कळव. मी उद्या पुन्हा जातोय. खरं म्हणजे परवाही.

तुझा बहिरा पण उत्साही,
मामा


१७ जून

मामा, मामा, मामा,

तू खोलीत असायला हवा होतास! कपाटावर मी फक्त ‘विंडो’ लिहिलं आणि गाईच्या डोळ्याची गोष्ट सांगितली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि तिच्यावर बोटं टेकवून म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं मी हिचे डोळे पुसत होते तर!”

ह्या मावशींची ओळख करून देते. सगळे त्यांना वादळ म्हणतात, कारण त्यांचं फडकं फिरायला लागलं की मोठेमोठे डॉक्टरही पाय वर घेतात. शाळा चौथीपर्यंत, नोकरी सव्वीस वर्षं. पहिले आठ दिवस त्या सगळ्यात मागे, दाराजवळ बसायच्या. आता पुढच्या गाठोड्यावर असतात.

मसलची गोष्ट सांगितल्यावर तर नुसता गोंधळ. अकरा जणी बाह्या सरसावून एकमेकींचे उंदीर बघतायत! वादळांचा उंदीर पाहून एक जण म्हणाली, “हा उंदीर नाही, घूस आहे.” हसून हसून माझ्या पोटात दुखलं. प्युपिलच्या वेळी तपासायचा छोटा टॉर्च दिला. एकमेकींच्या डोळ्यांत डोकावून बघत बसल्या. तिथे आपलीच चिमुकली छबी दिसते ना, म्हणून बाहुली, हे मला त्यांनीच सांगितलं. मी नर्स होऊन नऊ वर्षं झाली, मला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर अकराच्या अकरा जणींना तिन्ही शब्द आठवत होते!

आता खाटांजवळच्या फळ्यांवरचे शब्द पाठव. पेशंट, वॉर्ड, नर्स, डॉक्टर, एप्रन. आणि एक फार महत्त्वाचा: फास्टिंग. ऑपरेशनच्या आधी पेशंटला काही खायला द्यायचं नसतं तेव्हा आम्ही तो लिहितो. मी अर्थ विचारला तर सगळ्या एका सुरात म्हणाल्या, “फास्ट म्हणजे जलद. ह्याला लवकर लवकर जेवण द्या!” मला घामच फुटला. ह्याची गोष्ट आधी शोध.

आणि काय रे, दोन पानांच्या पत्रात ग्रंथपाल बाई बऱ्याच वेळा आल्या!

तुझी खोडकर भाची,
ठकी


२३ जून

ठके,

उगाच काही मनात आणू नकोस. कोशाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते, म्हणून उल्लेख येतो. बस.

तुझा फास्ट. घाम फुटण्यासारखाच आहे, पण काय गंमत आहे बघ! उपासाचा फास्ट आणि वेगाचा फास्ट एकाच आईची लेकरं. मूळ अर्थ घट्ट, पक्का. मनाला घट्ट धरलं, खाणार नाही म्हटलं, की उपास. पावलं नेटानं, जोर लावून टाकली, की वेग. एक भाऊ घरी बसून राहिला, दुसरा पळत सुटला. मावश्यांना हे सांग आणि लगेच ब्रेकफास्ट सांग. ब्रेक म्हणजे मोडणं. रात्रभरचा उपास मोडायचा तो ब्रेकफास्ट. ज्याच्या फळ्यावर फास्टिंग, त्याचा उपास मोडायचा नाही. संपलं! हे त्या मरेपर्यंत विसरणार नाहीत.

एप्रनची तर चोरीची हकीकत आहे. तो मुळात नेप्रन होता. लोक म्हणायचे ‘अ नेप्रन’. म्हणता म्हणता त्याचा न शेजाऱ्यानं उचलला आणि झालं ‘ॲन एप्रन’. त्याचा नातलग नॅपकिन, त्याचा न अजून शाबूत आहे. मी प्रुफं तपासणारा माणूस. अशी अक्षरचोरी माझ्या हाताखालून सुटली नसती!

नर्स म्हणजे पोसणारी, अंगावर पाजणारी दाई. पेशंट म्हणजे सोसणारा. वॉर्ड म्हणजे राखण, पहारा. आणि डॉक्टर? लॅटिनमध्ये शिकवणारा. औषधाचा संबंध नंतर आला, आधी तो मास्तर होता. हे बाईंनी शोधलं. कोश उलटा करून माझ्याकडे सरकवला आणि चिठ्ठी लिहिली: ‘तुमच्या भाचीच्या साहेबांना सांगा.’

त्या माझ्याशी चिठ्ठ्यांवरच बोलतात, म्हणजे मला ओठ वाचायची कसरत करावी लागत नाही. अक्षर फार रेखीव. पस्तीस वर्षांत इतकं स्वच्छ हस्तलिखित माझ्याकडे आलं नव्हतं. चिठ्ठ्या मी जपून ठेवतो. कागद वाया घालवायचा नाही म्हणून.

मावश्यांना माझा नमस्कार.

मामा


६ जुलै

मामा,

एका दमात वाच. साहेब येत्या पंधरा तारखेला वर्ग बघायला येणार आहेत! चादरींच्या खोलीत इतकं हसतात कशाला, हे त्यांना कळेना म्हणून. आमचे सत्तर शब्द झालेत. वादळ तर आता पाट्या वाचत वाचतच जिना चढतात, त्यामुळे फडकं हळू फिरतं आणि डॉक्टरांचे पाय जमिनीवर राहतात.

वादळांनी एक शब्द मागितलाय. खालच्या व्हरांड्यात सूचना लावायचा फळा आहे, वर मोठ्या अक्षरांत ‘न्यूज’ लिहिलंय. त्या म्हणाल्या, “साहेबांसमोर मी हाच सांगणार.” त्याचं कूळ उलट टपाली पाठव. उलट टपाली, मामा!

ठकी


१० जुलै

ठके,

न्यूज म्हणजे चार दिशा. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ ह्यांची पहिली अक्षरं: एन, ई, डब्ल्यू, एस. चारी दिशांकडून येते ती बातमी.

माझी तब्येत ठीक आहे. इकडे विशेष काही नाही.

मामा


१६ जुलै

मामा,

काल साहेब आले. सोबत दोन मोठे डॉक्टर. वादळ धुतलेला एप्रन घालून पुढे आल्या, आवाज खणखणीत. तू सांगितलेल्या चार दिशा एकेक करून सांगितल्या, चारी बाजूंना हात दाखवून. बाकीच्या दहा जणींनी टाळ्या वाजवल्या.

साहेब हसलेसुद्धा नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, “सिस्टर, ही भाकडकथा आहे. शाळकरी मुलं एकमेकांना सांगतात तसली. न्यू म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज. नव्या गोष्टी. एवढंच. तुम्ही ह्यांना काय काय शिकवलंय कोण जाणे!”

सोबतचे दोघे हसले. मामा, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि वादळ? त्या एक पाऊल पुढे आल्या. मग म्हणाल्या, “साहेब, डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा. हे तरी खरं आहे का?”

साहेब त्यांच्याकडे वळले. “हो,” म्हणाले. “ते खरं आहे.”

“मग हसण्याआधी शिकवायचं होतंत.”

साहेब निघाले. जाताना दाराशी एवढंच म्हणाले, “परीक्षा ठरल्या दिवशीच होईल.”

त्यांनी बदला घेतला तर? एका बाईची सव्वीस वर्षांची नोकरी माझ्या हौसेपायी जाणार. मी वर्ग बंद केलाय. कुठला शब्द खरा आणि कुठला थापेचा, हे मला आता काय ठाऊक! तुझं ते पाच ओळींचं पत्र बघूनच मला कळायला हवं होतं. कोश उघडलाच नव्हतास ना? मी तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, मामा.

आणखी शब्द पाठवू नकोस.

ठकी


१९ जुलै

ठके,

नाही. कोश उघडला नव्हता.

छापखान्यातल्या एका जोडीदारानं तीस वर्षांपूर्वी ती चार दिशांची गोष्ट सांगितली होती आणि मी ती तपासून न बघता तुला पाठवली. मी! माझ्या हातून चुकीचं लेबल सुटलं आणि ते तुझ्या मावशींच्या कपाळावर चिकटलं.

का, तेही सांगतो, लपवून काय करू? जुलैच्या पहिल्या तारखेला ग्रंथपाल बाईंनी एक चिठ्ठी सरकवली: ‘रविवारी माझ्याकडे चहाला याल?’ तुझी मामी जाऊन अकरा वर्षं झाली. ह्या अकरा वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, ‘किती वाजले’ आणि ‘पुढे सरकता का’ सोडून. मी इतका घाबरलो की खाली लिहून दिलं, ‘रविवारी काम आहे.’ निवृत्त माणसाला रविवारी कसलं काम? ते त्यांनाही कळलं. त्यांनी चिठ्ठी घडी करून खणात ठेवली. मी जो बाहेर पडलो तो तिकडे फिरकलोच नाही. तुझं न्यूजचं पत्र आलं तेव्हा वाचनालयाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि माघारी वळलो. भित्रेपणा माझा, भोगलं तुम्ही.

काल तुझं पत्र हातात घेऊन तडक गेलो. बाईंच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, “मी खोटं बोललो. मला रविवारी काही काम नव्हतं. मी घाबरलो होतो.” मला वाटलं, हळू आवाजात म्हटलं. आजूबाजूची सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली आली! बाई लाल झाल्या. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली: ‘आता सगळ्यांना कळलंच आहे. येत्या रविवारी पाच वाजता.’

मग कोश उघडला. साहेब बरोबर आहेत. न्यूज म्हणजे नव्या गोष्टी. जुन्या काळी लोक त्यात आणखी एक ई घालून लिहीत. तिथेच चार दिशांचं गणित फसतं! एक अक्षर जास्त, हे माझ्यासारख्यानं बघायचं नाही तर कुणी?

आतापर्यंत पाठवलेले सगळे शब्द आम्ही दोघांनी काल आणि आज पुन्हा तपासले. सोबत यादी आहे, प्रत्येकापुढे बाईंची सही. न्यूज सोडून सगळे खरे आहेत. तुझ्या साहेबांनाही मी वेगळं पत्र टाकलंय. त्यात लिहिलंय की चूक माझी, माझ्या भाचीची नाही, मावशींची तर मुळीच नाही, आणि चुकीची दुरुस्ती छापणं हा आमच्या धंद्यातला नियम आहे.

वर्ग बंद करू नकोस. माझ्यावर रागाव, पण त्यांना सोडू नकोस.

मामा


५ ऑगस्ट

मामांना वादळचा नमस्कार.

तुम्ही मला बघितलेलं नाही. मी तिसऱ्या मजल्यावरची. सिस्टर म्हणाल्या मी लिहिते सगळं, पण मी म्हटलं नाही, मी लिहिणार. चौथीनंतर पत्र लिहायची वेळ आली नाही, तेव्हा चुका काढू नका. तुमचं काम तेच होतं म्हणे.

आधी सांगते, आम्ही तुमच्यावर रागावलो नाही. सिस्टर रागावल्या होत्या. पाच दिवस त्या खोलीकडे आल्या नाहीत. पण दोन वाजले की आमचे पाय आपोआप तिकडे वळायचे. मीच खडू घेतला आणि जे आठवत होतं ते सगळ्यांकडून म्हणून घेतलं. सहाव्या दिवशी सिस्टर दारात उभ्या. हातात तुमची यादी. येऊन गाठोड्यावर बसल्या.

त्यांनी तुम्हाला एक गोष्ट कळवलेली नाही, ती मी कळवते. साहेब आले त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या केबिनबाहेर फरशी पुसत होते. आत सिस्टर म्हणत होत्या, “चुकीचं मी शिकवलं. ह्यासाठी मावशींना काढलंत तर मलाही काढा.” साहेब म्हणाले, “लिहून द्या.” आणि सिस्टरनी तिथेच बसून राजीनामा लिहून दिला! त्यांच्या घरचं सगळं त्यांच्याच पगारावर चालतं, तुम्हाला माहीत आहे. मी तेव्हा ठरवलं, आता नापास होणं आपल्याला परवडणार नाही.

परीक्षा तीस तारखेला, सकाळी नऊला. आठ वाजता मी वॉर्डातून निघाले होते, चांगला एप्रन घालून. सकाळच्या खाण्याची गाडी फिरत होती. गाडीवाला नवा, चार दिवसांपूर्वी लागलेला. त्यानं आठ नंबरच्या खाटेवर ताट ठेवलं. दूध, पाव, उकडलेलं अंडं. आठ नंबरला ट्रक चालवणारा माणूस, आडदांड, पोटाचं ऑपरेशन होतं. त्यानं पाव दुधात बुडवला. माझी नजर त्याच्या उशाच्या फळ्यावर गेली. फास्टिंग.

मामा, मी ओरडले. “थांबा!” आणि त्याच्या हातातून पाव काढून घेतला.

तो माणूस खवळला. “बाई, काल रात्रीपासून पोटात काही नाही माझ्या!”

“आजही नाही जायचं,” मी म्हटलं. “तुमचा उपास मोडायचा नाही असं लिहिलंय.”

गाडीवाला म्हणाला, “अहो मावशी, फास्ट लिहिलंय, म्हणून तर ह्याला सगळ्यांत आधी दिलं!”

मला हसू पण आलं आणि रडू पण आलं. दीड महिन्यापूर्वी मी तेच म्हणाले होते. मी त्याला दोन भावांची गोष्ट सांगितली, एक घरी बसलेला आणि एक पळत सुटलेला. ताट परत गाडीवर ठेवलं. पण मी निघाले की हा भुकेला माणूस शेजारच्याचा पाव घेणार, हे मला दिसत होतं. त्या पाळीच्या दुसऱ्या सिस्टर एका अत्यवस्थ पेशंटमध्ये अडकल्या होत्या. मग मी खाटेला टेकून उभी राहिले. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. तो मला शिव्या देत होता, मग दमला, मग त्याच्या गावाकडच्या गोष्टी सांगायला लागला. भुलीचे डॉक्टर आले तेव्हा मी सुटले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, पोटात अन्न असताना भूल दिली असती तर ते उलटून फुप्फुसात गेलं असतं, माणूस जागचा उठला नसता.

मी परीक्षेला अर्धा तास उशिरा पोचले. साहेब म्हणाले, “ही वेळ आहे का यायची?”

मी म्हटलं, “आठ नंबरला फास्टिंग होतं, साहेब. त्याला ब्रेकफास्ट मिळाला होता.”

ते खुर्चीवरून ताडकन उठले आणि वॉर्डाकडे पळाले. वीस मिनिटांनी परत आले. मला वाटलं आता सोपे प्रश्न विचारतील. छे! तीस शब्द विचारले, एकही सोपा नाही. मला सव्वीस आले. नऊ जणी पास झाल्या, मी त्यांच्यात. राहिलेल्या दोघींना साहेबांनी आणखी एक महिना दिलाय, तोवर त्या कुठेही जाणार नाहीत. सिस्टरचा राजीनामा त्यांनी आमच्या सगळ्यांसमोर फाडला. सिस्टर रडल्या, आम्ही पण रडलो. साहेब खिडकीबाहेर बघत होते, पण मला वाटतं ते पण.

तुमचं पत्र त्यांनी खालच्या न्यूजच्या फळ्यावर लावलंय. अजून आहे. येणारे जाणारे वाचतात.

खाण्याच्या गाड्यांवरची माणसं, लिफ्टवाले आणि दारावरचे रखवालदार मिळून चौदा जणांचा नवा वर्ग सुरू झालाय. साहेब म्हणाले, ह्या वेळी शिकवायचं तुम्ही, म्हणजे मी. तो गाडीवाला पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. तुमच्या ग्रंथपाल बाईंना घेऊन या एकदा. सिस्टर सांगत होत्या, रविवारचा चहा आता दर रविवारी असतो. चांगलं झालं.

काल आम्हाला छातीवर लावायचे बिल्ले मिळाले. माझ्या बिल्ल्यावर इंग्रजीत असिस्टंट लिहिलंय. वाचता आलं, पण त्याचं कूळ ठाऊक नव्हतं. तुम्हाला विचारणार होते, पण धीर धरवेना. साहेब समोरून येत होते, त्यांनाच अडवलं. ते म्हणाले, लॅटिनमधला शब्द आहे, जवळ उभा राहणारा.

मी म्हटलं, “ते तर मी सव्वीस वर्षं करतेय, साहेब. नाव आज मिळालं.”

मग बिल्ला लावला आणि वॉर्डात गेले. आठ नंबरला पहिल्यांदाच जेवण द्यायचं होतं आणि तो माझी वाट बघत बसला होता.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची वादळ